आधी ते मडकं काढा

"ताई, नमस्कार. आम्ही मालवण तालुक्यातले, घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. गेल्या दिवाळीला भाचा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना त्याची कॉकाटेलची, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटांची जोडी आमच्या पडवीत टांगून गेला. राखाडी तो रॉकी, पिवळट पांढरी ती कोको. आठ महिने दाणापाणी मीच करते, पण दोघं अंगाला हात लावू देत नाहीत. पिंजऱ्यात हात घातला की तुरा डोक्याला चपटा, फिस्स करून फुत्कार, आणि रॉकी तर सरळ चावतो. झोपायला म्हणून मडकं बांधलंय, त्याच्या तोंडाशी तो पहारेकऱ्यासारखा बसलेला असतो. मी स्वयंपाकघरात गेले की दोघं ओरडून घर डोक्यावर घेतात. संध्याकाळी मी मालिका बघत बसते तेव्हा रॉकी चोचीतून करकर आवाज काढतो. जंत झाले असतील का? सासूबाई म्हणतात, 'हात लावूक देना नाय, तो पोपट कसलो?' त्यांच्या माहेरचा मिठू म्हणे खांद्यावर बसून पेरू खायचा. दीर म्हणतात, पंख कापा आणि दोन दिवस मुठीत धरून बसा, खोड मोडेल. भाचा म्हणतो, ही जोडी देऊन टाक मामी, मी तुला हाताला आलेलं सन कोन्युअरचं, त्या पिवळ्या-केशरी परदेशी पोपटाचं पिल्लू आणून देतो. गणपतीला दीड महिना राहिला. मुंबईहून चौदा माणसं यायची आहेत, त्यात पाच पोरं, सगळी पोपट हातात घ्यायला टपलेली. नखंही वाढलीत, ती कापायची कशी? आणि खरं सांगा, त्यांना मी आवडत नाही का?"

मामी, भाच्याच्या नात्यानं मीही तुम्हाला मामीच म्हणते.

शेवटचा प्रश्न आधी घेते. आवडता हो तुम्ही त्यांना, आणि ते दोघं हेच तुम्हाला रोज ओरडून सांगतायत. कॉकाटेल हा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला, थव्यानं हिंडणारा पक्षी. थव्यातला कुणी नजरेआड झाला की बाकीचे हाक देतात आणि तो जिथं असेल तिथून ओ देतो. तुम्ही भाताला आधण ठेवायला आत गेलात की तुमची जोडी तीच हाक देते. आतून ओ येत नाही, म्हणून आवाज चढतो. शेवटी तुम्ही वैतागून बाहेर येता, म्हणजे आवाज चढवला की मामी येते हेही त्यांना एव्हाना पाठ झालंय. यापुढे आतूनच एक ठरलेली शीळ घाला, दोन सुरांची, रोज तीच, आणि ती पहिल्या हाकेलाच. शीळ जमत नसेल तर 'आले रे' म्हटलंत तरी चालेल, त्यांना शब्दांशी काही देणंघेणं नाही.

आणि ती करकर. जंत नाहीत. पोट भरलेला, झोपेला आलेला पोपट खालची चोच वरच्या चोचीवर घासत बसतो, त्याचा हा आवाज. आज संध्याकाळी नीट बघा. एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला असेल, गालांची पिसं फुगून चोचीवर आलेली असतील, डोळे अर्धे मिटलेले. भ्यालेला पक्षी असा कधी बसायचा नाही. तुमच्या मालिकेत कोण कोणाचं घर फोडतंय ते असो, रॉकीला तुमच्याशेजारी झोप लागते.

तेव्हा माणूस पसंत आहे. तक्रार आहे ती हाताबद्दल, आणि त्याआधी त्या मडक्याबद्दल.

मडकं तुम्ही एका वाक्यात उरकलंत, पण माझी नजर तिथंच अडकली. दुकानदार ते 'झोपायला' म्हणून सर्रास देतात. कॉकाटेल झोपतो दांडीवर, उघड्यावर. झाडाच्या ढोलीत तो शिरतो तो अंडी घालायला. नर-मादीच्या पिंजऱ्यात मडकं टांगलं म्हणजे बाळंतिणीची खोली सारवून ठेवली. एकदा ढोली मिळाली की नर तिची राखण करणार, आणि या जातीत नर अंड्यांवरही बसतो, दिवसपाळी त्याची, रात्रपाळी तिची. म्हणजे रॉकी ही जबाबदारी अंगावर घेणाऱ्यातला आहे. तुमचा हात दारातून लांबलांब आत येतो, मडक्याच्या दिशेनं सरकतो. रॉकीच्या जागी तुम्ही असतात आणि दारातून धामण आत येताना दिसली असती, तर तुम्ही काय केलं असतंत?

मोबाइलचा टॉर्च लावून आधी मडक्यात डोकावा. रिकामं असेल तर आजच काढून टाका. अंडी असतील तर फेकू नका, फेकली की कोको पुन्हा घालते, आणि एकामागून एक अंडी घालताना कवचासाठी लागणारं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं. एक-दोन दिवसांची ताजी असल्याची खात्री असेल आणि पिल्लं नको असतील, तर उकडून, पार गार करून परत ठेवायची. तीन-चार आठवडे बसून ती आपसूक उठते, मग मडकं हलवायचं. केव्हा घातली ते माहीत नसेल तर उकडायच्या भानगडीत पडू नका, बसू द्या.

याच ओघात सासूबाईंसाठी एक. पोपटाच्या पाठीवरून, पंखाखालून, शेपटीकडे हात फिरवला की त्याला माया कळत नाही, विणीचं आमंत्रण कळतं. मग मादी मडक्याशिवायही अंडी घालायला लागते आणि नर घरात कुणाला जवळ येऊ देत नाही. पक्षी एकमेकांचंसुद्धा फक्त डोकं आणि मान खाजवतात, जिथं स्वतःची चोच पोचत नाही तेवढंच. त्यामुळे पुढं कधी रॉकी तुमच्यापुढे डोकं खाली घालून उभा राहिलाच, तर तेवढंच खाजवायचं. मांजरासारखं पाठीवरून लांबलचक कुरवाळणं त्याच्या बाबतीत नाहीच.

आता हात. तुमच्या माडांवर शिक्रा येत असेल. तो आला की सातभाई नि खारी कसा कल्ला करतात ते आठवा. पिंजऱ्यातल्या पोपटाला वरून येणारा हात तसाच दिसतो: मोठा, पाच नख्यांचा, आणि पळायला जागा नाही. बरं, या हातानं गेल्या आठ महिन्यांत त्यांच्यासाठी केलं काय, हेही बघा. ट्रे ओढला, वाटी उचलली, पिंजरा धुवायचा म्हणून पकडून बादलीखाली ठेवलं असेल. दाणा दिलात, पण तो वाटीनं दिला. हाताच्या खात्यात जमा काहीच नाही.

रॉकी 'सरळ चावतो' म्हणता, त्यातले निम्मे चावे चावे नसावेत असा माझा अंदाज आहे. पोपट नव्या फांदीवर पाय टाकण्याआधी ती चोचीनं चाचपतो, पावसात साकव ओलांडताना आपण आधी एक पाऊल दाबून बघतो तसं. तुमच्या बोटाला चोच लागली की तुम्ही हात झटक्यात मागे घेता ना? म्हणजे पाऊल टाकलं आणि साकव हलला. वर आणखी एक गोष्ट तो शिकला की चोच दाबली तर हात निघून जातो. म्हणून पुढच्या वेळी जोरात दाबतो. हे त्याला कुणी मुद्दाम शिकवलं नाही, तुमच्या दचकण्यानंच शिकवलं.

मी यात काही जन्मजात शहाणी नाही. रत्नागिरीला भाड्याच्या घरात राहत असताना माझ्याकडे एक निळी बजी, म्हणजे बजरिगर जातीचा चिमुकला पोपट होती. नखं कापायची म्हणून मी तिला मुठीत धरलं, लिंबू धरतात तसं, आणि निसटू नये म्हणून जरा आवळलं. एकदम तिची चोच उघडी पडली आणि डोळे मिटायला लागले. शेजारच्या काकू दारातून ओरडल्या, "अगो, सोड तिला, मेली ती!" सोडली. दांडीवर बसून पंधरा मिनिटं चोच उघडी टाकून धापत होती, प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर. वाचली. पण पुढं दीड वर्ष मी पिंजऱ्यासमोर केस बांधायला नुसते हात वर केले तरी ती पलीकडच्या जाळीला जाऊन चिकटायची.

नंतर कळलं की पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढं-मागं हललं तर हवा आत-बाहेर होते. छाती मुठीत आवळली की नाक-तोंड मोकळं असूनही जीव घुसमटतो. तेव्हा दिरांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचा उपाय त्यांनाच परत द्या. दोन दिवस मुठीत धरलेला पोपट तिसऱ्या दिवशी गप्प बसतो खरा. त्याला लोक माणसाळला म्हणतात. त्यानं फक्त सुटायची आशा सोडलेली असते. पंख कापायचं तर बोलूच नका. उडून लांब जाता येत नसलं की त्याच्याकडे चावणं एवढाच इलाज उरतो. शिवाय दांडीवरून पडला तर छातीच्या हाडावर आपटतो नि तिथली कातडी फाटते. आणि मालवणातल्या पडवीत बोका फिरकत नाही असं तर तुम्ही म्हणणार नाही.

मग करायचं काय? खुर्ची घ्या.

किती लांब असताना तुरा चपटा होतो ते आधी बघा. तुऱ्याचं वाचन सोपं आहे: ताठ उभा म्हणजे दचकलाय, डोक्याला चिकटला म्हणजे भ्यालाय किंवा चिडलाय, सैलसर अर्धा वर म्हणजे बरं चाललंय. समजा चार हातांवर चिकटतो, तर खुर्ची पाच हातांवर, पिंजऱ्याकडे तोंड न करता जरा तिरकी. रोखून बघायचं नाही, रोखून बघतो तो शिकारी. पावसाचे दिवस आहेत, आठळ्या सोलत बसा. तुरा सैल राहिला तर दुसऱ्या दिवशी खुर्ची वीतभर पुढे, नाही राहिला तर वीतभर मागे. यात कमीपणा काही नाही.

हाताला काम लावायचं ते असं. रोजचा राळा-बाजरीचा दाणा वाटीत राहू द्या, सूर्यफुलाच्या बिया मात्र त्यातून निवडून काढा. त्या आता फक्त तुमच्या हातून मिळणार. हात बाहेरून, दांडीच्या उंचीवर येतो, वरून कधीच नाही, जाळीतून वाटीत एक बी टाकतो आणि निघून जातो. हात आला, बी पडली, हात गेला. रेंगाळायचं नाही, 'ये रे बाळा' करायचं नाही. असं दिवसातून पाच-सहा वेळा. एक दिवस हात दिसताक्षणी तुरा सैल होऊन रॉकी वाटीकडे सरकेल. कुणाला आठ दिवस लागतात, कुणाला दोन महिने. हे दोघं दुकानातल्या मोठ्या पिंजऱ्यात आईबापांनी वाढवलेले असतील तर जास्तच. कोको मागे राहील कदाचित, तिला राहू द्या. पोपट दुसऱ्या पोपटाचं बघून शिकतो.

पुढं काडी. आइस्क्रीमची चपटी चालते, बांबूची तासलेली चालते. खराट्याचा हीर घेऊ नका, टोक डोळ्यात जातं. जाळीतून काडीचं टोक लांबूनच दाखवायचं. पोपट चौकस, आज ना उद्या तो चोच लावतोच. लावली रे लावली की बी. काही दिवसांत काडी जाईल तिकडे तो दांडीवरून चालत येतो, आणि हे बघायला इतकी मजा येते की घरातली माणसं टीव्ही सोडून येतात. मग त्याच काडीनं त्याला तुमच्या हातातल्या दुसऱ्या दांडीवर बोलवायचं, पेरूची हातभर फांदी पुरे. चढला, क्षणभर उभा राहिला, बी मिळाली, परत आपल्या जागी.

इथं थांबलात तरी जन्मभर पुरतं. दांडीवर चढणारा पोपट पिंजऱ्यातून बाहेर आणता येतो, आत ठेवता येतो, डॉक्टरकडे न्यायच्या खोक्यात जातो, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभा राहतो, आणि अंगाला बोट लावायला लागत नाही. तो काटा जरूर वापरा. कॉकाटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. आठवड्यातून एकदा, सकाळी दाणा घालायच्या आधी वजन घेऊन कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मांडून ठेवा. पोपट आजार शेवटपर्यंत लपवतो. वजन दहाएक टक्के उतरलं तर दिसायला कितीही ठणठणीत असो, डॉक्टर गाठायचा. हा पक्षी पंधरा-वीस वर्षं जगतो मामी. पंधरा वर्षं त्याला फांदीवरून फिरवलंत तर तुमचंही काही अडत नाही, त्याचंही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. जवळ येणारा पक्षी अचानक फटकून वागायला लागला तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. पिसं झडून नवी येतात तेव्हा कोवळ्या पिसांच्या मुळाशी रक्त असतं, तिथं लागलेला हात दुखतो. ते थोड्या दिवसांचं. पण दिवसभर पिसं फुगवून बसणं, बसल्या जागी शेपटी खालीवर होणं ही आजाराची लक्षणं. तुमच्याकडे खाऱ्या वाऱ्यानं पिंजऱ्याच्या तारा गंजत असतील. त्यावरचं जस्त चोचीतून पोटात गेलं तर विषारी. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यानं पुसून कोरड्या करा, पापुद्रे सुटायला लागले की पिंजरा बदला. पावसाळ्यात दाणा थोडाथोडाच आणा. कुबट वास आला तर कोंबड्यांनाही घालू नका, फेका.

सासूबाईंच्या मिठूबद्दल. तो खांद्यावर बसायचा हे खरंच असेल. असले मिठू ढोलीतून डोळे न उघडलेले काढलेले असायचे, माणसाच्या हातून पेज खाऊन वाढलेले. त्यांनी दुसरा पोपट पाहिलेलाच नसायचा, जायचे कुठे? त्याच ढोलीतली जी दोन-तीन पिल्लं पेज न मानवून गेली, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. हे सासूबाईंना या शब्दांत सांगू नका, वाईट वाटेल. पण एक सांगाच. आपले हिरवे पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, घरात पाळणं गुन्हा आहे. त्यांची हौस बघून गावातला कुणी प्रेमानं पिल्लू आणून दिलं तर घेऊ नका.

भाच्याच्या सन कोन्युअरला माझा साफ नकार. पहिलं कारण त्याचा आवाज. तुम्हाला या दोघांचं ओरडणं जास्त वाटतंय, तो सुरू झाला की शेजारच्या वाडीतून निरोप येईल. दुसरं, कोन्युअर आंतरराष्ट्रीय व्यापाराचं नियंत्रण असलेल्या प्रजातींत मोडतो आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. तुमच्या कॉकाटेलना ती लागत नाही. आणि तिसरं, हातावर वाढवलेलं पिल्लू वयात आलं की तेही 'नको' म्हणायला लागतं. तेव्हा भाचा तिसरं काही सुचवेल. आधीची जोडी कुणामुळे तुमच्या गळ्यात पडली, हे त्याला हसत हसत विचारा.

नखं. दुकानातली गुळगुळीत, एकाच जाडीची दांडी असेल तर ती वाढणारच. पेरू, शेवगा, कडुलिंब यांची औषध न मारलेली, वेडीवाकडी, कुठं जाड कुठं बारीक फांदी सालीसकट धुऊन-वाळवून बसवा, बरीचशी आपोआप झिजतील. तरी गोल वळायला लागली असतील तर पहिल्यांदा डॉक्टरकडूनच कापून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. तालुक्याला गुरांचे डॉक्टर असतात. पक्षी हाताळता का हे फोनवर विचारा, नाही म्हणाले तर गोवा किंवा कोल्हापूर. डॉक्टर जुन्या मऊ पंच्यात गुंडाळतील, डोकं जबड्याच्या दोन बाजूंनी दोन बोटांत धरतील आणि छाती पूर्ण मोकळी ठेवतील. तसं धरणं तुम्हाला जमेपर्यंत घरी हात घालू नका. त्याआधी तो पंचा आठवडाभर पिंजऱ्याजवळच्या खुर्चीवर पडलेला असू द्या, म्हणजे त्या दिवशी तो एकदम आभाळातून पडल्यासारखा वाटणार नाही. नखात रक्तवाहिनी असते. टोक जास्त कापलं जाऊन रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं.

राहिले गणपती आणि चौदा चाकरमानी. पिंजरा आत्तापासून मागच्या शांत खोलीत न्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हलवलात तर नवी जागा, नवी माणसं आणि झांजा सगळं एकदम अंगावर येईल. धूप, कापूर, अगरबत्ती, डासांची कॉइल, अंगावर मारायचे स्प्रे यातलं काही त्या खोलीत नको, पक्ष्याची फुप्फुसं आपल्यापेक्षा फार नाजूक. घावणे नॉनस्टिकवर घालत असाल तर यंदा बिडाचा तवा काढा. रिकामा नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेनं बंद घरातला पक्षी मिनिटांत मरतो आणि माणसाला धड वासही येत नाही. रात्री भजनाच्या वेळी पिंजऱ्याला तीन बाजूंनी जुनी चादर आणि खोलीत झिरोचा दिवा. काळोखात दचकला की कॉकाटेल जाळीवर आपटत सुटतो, आणि कोकोसारखे पिवळे-पांढरे जास्तच. घर भरलेलं असताना दोघांना बाहेर सोडायचं नाही. पंखा कुणी लावला हे नंतर शोधून उपयोग नसतो.

पोरांना मात्र हाकलू नका. एका वेळी एकच पोर आत. हातात लांब दांड्याचा लाकडी चमचा, चमच्यात राळ्याचे चार दाणे, बोटं जाळीच्या बाहेर. पाचांत पैज लावून द्या की पाच मिनिटं न बोलता, न हलता बसेल त्याच्याच चमच्यातून रॉकी खाईल. मुंबईच्या पोरांना पाच मिनिटं गप्प बसवणं हे पोपटाला माणसाळवण्यापेक्षा अवघड, पण एखादं निघतंच. उरलेल्यांना शीळ शिकवायला लावा. नर कॉकाटेल शिळेची नक्कल छान करतो. मात्र आरतीची चाल शिकवू नका, पुढचं वर्षभर पहाटे साडेपाचला ऐकायला लागेल.

विसर्जनानंतर घर रिकामं झालं की खुर्ची पुन्हा थोडी मागून सुरू करायला लागेल, ते धरून चाला. आणि तोवर तुम्हाला स्वयंपाकातून सवड नसेल तर ती खुर्ची सासूबाईंना द्या. जपमाळ घेऊन तासभर एका जागी, कुणाकडे न बघता बसणारं तुमच्या घरात त्यांच्याइतकं दुसरं कुणी नसणार. रॉकी पहिली बी त्यांच्या हातून घेईल अशी मला दाट शंका आहे. घेतलीन, तर मनाला लावून घेऊ नका.